दोरीचं मोकळं टोक

किस्से गोळा करावे लागत नाहीत. बोटीच्या बुडाला कालवं धरतात तसे ते आपोआप धरतात. आपण फक्त पाण्यात असावं लागतं. खरवडले की दुप्पट होतात. माझी बायको म्हणते, माझ्या किश्श्यांतलं निम्मं खोटं असतं. कुठलं निम्मं, ते तिला इतक्या वर्षांत ओळखता आलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर आता मलाही येत नाही!

हे सगळे किस्से एका बोटीवरचे. नव्वदच्या आसपासचा काळ. आम्ही नुकतेच मीरा रोडला शांती नगरात राहायला आलो होतो. पलीकडे सिल्व्हर पार्कमध्ये कर्णिक साहेब राहायचे. जन्मभर मोठ्या जहाजांवर इंजिनियर, आणि आता रिटायर. घरात पंखा बंद पडला तरी त्यांना जहाज थांबल्यासारखं वाटून जाग यायची. त्यांनी एक फायबरची छोटी बोट घेतली, मागे दणकट इंजिन लावलं, आणि कुठल्यातरी परदेशी बंदरातून आणलेली, पाण्यावर घसरायच्या स्कीची जोडी माळ्यावरून काढली.

"मोरे," मला म्हणाले, "इथली माणसं रविवारी खिडकीचं ग्रिल रंगवतात. आपण त्यांना पाण्यावर उभं करू!"

"साहेब, मला पोहता येत नाही."

"बडबड करता येते ना? मग चला."

कारण या खेळात बोटीवर दोन माणसं लागतात. एक चालवणारा, त्याने फक्त पुढे बघायचं. दुसरा मागे तोंड करून बसणारा, त्याने फक्त ओढल्या जाणाऱ्या माणसाकडे बघायचं आणि दिसेल ते ओरडून सांगायचं. तो दुसरा मी! लाइफ जॅकेट घालून मी रविवारमागून रविवार उलटा बसलो. खाडी मी फक्त जाताना पाहिली आहे, येताना कधीच नाही.

आणि चालवणारा होता उत्तनचा बस्त्याव.

*

बस्त्याव मच्छीमाराच्या घरातला. पण त्याच्या बायकोचा, फिलोमिनाचा, भाऊ एकदा मासेमारीला गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून तिने नवऱ्याला खोल समुद्र बंद करून टाकला. बस्त्याव भाईंदरला स्टीलच्या कारखान्यात ताटल्यांना पॉलिश मारायला लागला. बिचारा घरी यायचा तो नाकात काळी धूळ भरून, आणि रात्री जेवताना ताटलीकडे रागाने बघत बसायचा. कर्णिक साहेबांची बोट खाडीतल्या खाडीतच फिरणार म्हटल्यावर फिलोमिनाने एकदाची परवानगी दिली. त्या दिवशी बस्त्यावने कारखाना सोडला.

पहिला दिवस. उत्तनजवळच्या चौक गावाच्या धक्क्याजवळ, खाडी समुद्राला मिळते तिथे, भरतीचं पाणी क्षणभर थांबलेलं. कर्णिक साहेब स्की घालून पाण्यात बसले. बस्त्यावने ओढायचा दोर, साहेबांच्या भाषेत रोप, बोटीला बांधला, मग पाण्यात उतरला आणि दुसरं टोक साहेबांच्या कमरेला बांधलं! मच्छीमाराची गाठ ती. ओढली की आणखी घट्ट होणारी.

"साहेब, टेन्शन घेऊ नका. आता तुमी काय सुटत न्हाय!"

साहेब गाठीकडे बघत म्हणाले, "बस्त्याव, मी पडलो तर?"

"पडलात तरी आणतो. धक्क्यापर्यंत आणतो."

"जिवंत?"

बस्त्यावने विचार केला. "ते तुमच्यावर हाय."

मग साहेबांनी त्याला या खेळाचा पहिला नियम सांगितला. एक टोक बोटीला, दुसऱ्या टोकाला नुसतं लाकडी हँडल. ते हातात धरायचं, पडलो की सोडून द्यायचं. दोरी माणसाला कधीही, कुठेही बांधायची नाही. बस्त्याव पार हबकला. ज्या गावात दोरीचं टोक मोकळं राहणं म्हणजे जाळं गेलं, नांगर गेला, कधी कधी माणूस गेला, त्या गावातला तो.

"मोकळं सोडायचं? मुद्दाम?" त्याने तीनतीनदा विचारलं.

शेवटी बोट हळूच पुढे सरकली. रोप पाण्यावर साप सरळ व्हावा तसा सरळ झाला. मी ओरडलो, "ताठ!" साहेबांनी हात केला. बस्त्यावने इंजिनला एकदम ताकद दिली आणि काय सांगू! पाण्याखालून एक टक्कल आलं, मग खांदे, मग पोट, आणि साठीचा एक माणूस खाडीवर उभा राहिला. नुसता उभा! मागे पांढऱ्या फेसाची रेघ, आणि बोंबील वाळत घालणाऱ्या बायका हातातलं काम टाकून छातीवर क्रॉस काढतायत. मी ओरडून काहीतरी सांगायचं होतं, पण तोंड उघडंच राहिलं.

"मोरेभाऊ, बोला ना! काय झालं?" बस्त्याव पुढे बघतच ओरडला.

"उभा आहे रे," मी म्हणालो. "बाप रे, उभा आहे!"

*

धक्क्यावर हे सगळं एक म्हातारा बघत बसला होता. इंत्रूबाबा. फिलोमिनाचा बाप, म्हणजे बस्त्यावचा सासरा. मुलगा समुद्रात गेल्यावरही ज्याने एक दिवस जाळं चुकवलं नव्हतं असा माणूस. गावातल्या मच्छीमारांत त्याचा शब्द शेवटचा.

"जावई," तो म्हणाला, "ह्या पाण्यात आमची जाळी हायेत. एक जाळं कापलं, नायतर एक माणूस बुडला, की ही बोट पाण्यातनं वर. कायमची. आन तू परत ताटल्या घासायला."

"बाबा, असं काय न्हाय होणार."

"मी कुटं म्हणतो व्हईल? मी बोट वर म्हणतो."

त्या दिवसापासून बस्त्याव प्रत्येक फेरी अशी मारायचा, जणू रोपाच्या दुसऱ्या टोकाला स्कीवाला नाही, त्याचं स्वतःचं नशीबच उभं आहे.

*

आता जिग्नेशभाईचा किस्सा. शांती नगरात त्यांचं फरसाणचं दुकान. माणूस वजनदार, सगळ्याच अर्थांनी. त्यांचा नंबर आला त्या दिवशी आमचा प्लास्टिकचा तरंगणारा रोप एका जागी पिंजल्यासारखा बस्त्यावला वाटला. चालवायच्या आधी तो अख्खा रोप बोटांतून काढायचा, डोळे मिटून, माळ ओढल्यासारखा. त्याने तो रोप बाजूला टाकला आणि घरून जाळ्याचा नवाकोरा नायलॉनचा दोर आणला.

"हा हत्तीला ओढंल!" म्हणाला.

ओढलंही असतं. पण नायलॉन ताणला जातो, हे तेव्हा आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. जाळ्याला असा लांबणारा दोर चांगला, माणसाला नाही. बोट पुढे निघाली. दोर लांबला. आणखी लांबला. जिग्नेशभाई जागेवरच! बोट पुढे जातेय, दोर पेन्सिलीएवढा बारीक होतोय, आणि जिग्नेशभाई पाण्यात बसून आमच्याकडे प्रेमाने बघतायत.

"भाऊ, चालू करा ना!" ते तिकडून ओरडले.

आणि मग त्या दोराला आपली मूळ लांबी आठवली.

मी मागे बघत होतो. मागे कोणीच नव्हतं! माझ्या डोक्यावरून एक सावली गेली, फरसाणचा वास आला, आणि पुढून बस्त्यावचा आवाज ऐकू आला, "मोरेभाऊ, हे तर पुढं चाललेत! आता कोन कोनाला ओढतोय?"

हवेतून जिग्नेशभाई ओरडले, "अरे भाई, इसका ब्रेक किधर है?"

बस्त्यावने त्याच क्षणी इंजिन बंद केलं. पुढे माणूस आणि मागे इंजिनचा पंखा फिरतोय, हे त्याला जन्मात चालणार नव्हतं. जिग्नेशभाई मस्तपैकी पाण्यावर बसले आणि वर आले ते हसतच. दुसऱ्या दिवशी दुकानात येईल त्याला सांगत होते, "बोट को ओवरटेक किया!" पण त्यानंतर नायलॉन आमच्या बोटीवर चढला नाही, आणि ज्या रोपाचा एक धागा जरी उसवला तो बस्त्यावने स्वतःच्या हाताने कापून परसात कपडे वाळत घालायला लावला. फिलोमिनाचं अंगण त्या वर्षी नुसतं दोऱ्यांचं जंगल झालं होतं.

*

खुणांचाही असाच घोटाळा. साहेबांनी सगळ्यांना पुस्तकी खुणा शिकवल्या. अंगठा वर म्हणजे जोरात, खाली म्हणजे हळू, डोक्यावर टपली म्हणजे घरी चला. आणि पडल्यावर एक हात उंच करायचा, म्हणजे मी ठीक आहे.

इथेच चुकलं! कारण उत्तन-चौकच्या पाण्यात एक हात उंच करणं म्हणजे मी बुडतोय!

आमच्याच बिल्डिंगमधले कांबळे सर पडले. शिक्षक माणूस, शिस्तीचे. नियमाप्रमाणे ताठ हात वर केला. झालं! बाजूच्या सगळ्या मासेमारी होड्यांनी जाळी टाकली तिथेच ठेवली आणि सुटल्या! आम्ही वळून येईपर्यंत सर एका होडीत होते. लुंगीने त्यांची पाठ पुसणं चाललं होतं.

"मी ठीक आहे हो!" सर सांगत होते.

"सगळे असंच म्हणतात," एक म्हातारा म्हणाला आणि त्याने सरांना पालथं घालून पाठीवर धपाटे घातले. पाणी निघेना. मग आणखी जोरात घातले!

सरांनी जिद्दीने परत प्रयत्न केला. परत पडले. परत, सवयीने, हात वर. या वेळी दुसरी होडी जिंकली! संध्याकाळपर्यंत सरांना इतक्यांनी वाचवलं की शेवटी त्यांनीच बस्त्यावला विचारलं, "यांच्यापासून मला कोण वाचवणार?"

पण गंमत जाऊ द्या. मी त्या दिवशी उलटा बसून जे पाहिलं ते विसरलेलो नाही. एक अनोळखी हात पाण्यावर दिसला आणि ज्यांच्या पोटाचं सगळं त्या जाळ्यात होतं, ते जाळं टाकून धावले. एकाने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी खूण बदलली. पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जोडायचे. मग काय, पडलेला माणूस नमस्कार करतोय म्हणून काठावरच्या बायका उलट नमस्कार करायच्या. तेवढं चालायचं.

*

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे बस्त्यावचा चुलत भाऊ नाताल. दंड असे की हँडल पकडल्यावर बोटीलाच मागे खेचल्यासारखं वाटायचं. तो पहिल्याच झटक्याला पडला, पण हँडल सोडेना!

"पडला!" मी ओरडलो. आणि लगेच, "पण येतोय!"

पाण्याखालून एक फुगवटा आमच्या मागे येत होता. बस्त्यावने इंजिनची ताकद कमी केली, बोट थांबली, फुगवटा थांबला, आणि नाताल वर आला. हातात हँडल, तोंडात चिखल, आणि शर्टाच्या खिशात एक जिवंत बोईट मासा! खोटं वाटत असेल तर त्याच्या बायकोला विचारा, तिने त्याचं कालवण केलं.

"अरे, सोडायचं होतं ना!" साहेब ओरडले.

"दोरी सोडाची न्हाय, काका," नाताल म्हणाला. "बापानं हात मोडला असता."

यावर बस्त्यावने धक्क्यावर शाळा काढली. सोडायची शाळा! नातालने धक्क्याच्या कडेला हँडल धरून उभं राहायचं, बस्त्याव बोटीतून रोप हळूच ओढणार, आणि "सोड" म्हटलं की सोडायचं. नाताल धक्क्यावरून पाण्यात गेला. परत आला, परत गेला. गाव जमलं. म्हातारे ओरडायला लागले, "धर! धर!" आणि बस्त्याव बोटीतून घसा फोडून, "सोड! सोड!"

शेवटी कधीतरी नातालची बोटं उघडली. हँडल निसटून पाण्यावर उड्या मारत गेलं आणि नाताल धक्क्यावर कोरडा उभा! त्याने स्वतःच्या तळहातांकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत.

"बस्त्या," तो हळूच म्हणाला, "काय न्हाय झालं रे."

*

आणि मग तो दिवस आला ज्याची मला धास्ती होती.

साहेब स्वतः मागे होते, मजेत डावी-उजवी वळणं घेत. ओहोटीला जोर चढत होता. मी मागे बघत सांगतोय, "उभे आहेत, हसतायत, टक्कल चमकतंय." तेवढ्यात बस्त्यावने इंजिन बंद केलं. माझ्या खांद्यावर पाय देऊन तो मागे झेपावला, इंजिन तिरकं करून पंखा पाण्याबाहेर काढला, आणि बोट नुसत्या वेगावर तरंगत पुढे गेली. बोटीच्या बुडाखालून काहीतरी खरखरत गेलं. पुढच्या टोकापासून माझ्या पायाखालपर्यंत, सावकाश, नखं ओढल्यासारखं.

जाळ्याचा वरचा दोर! ओहोटीच्या ओढीने त्याच्या बोया, वरचे तरंगते गोळे, पाण्याखाली गेल्या होत्या. वर फक्त सपाट पाणी. बस्त्यावला ते कसं दिसलं?

"दिसलं न्हाय," तो म्हणाला. "पाणी जरा आळशी वाटलं तिथं."

दोर वाचला, पण साहेब? बोट थांबली तसे ते नेमके जाळ्यावर बुडाले आणि एक स्की जाळ्यात अडकून बसले, हात जोडून. आणि जाळं कोणाचं असावं? इंत्रूबाबाचं! म्हातारा होडी वल्हवत आला. साहेबांना उचललं, स्की सोडवली, मग जाळं हातावर घेऊन त्याचं घर न् घर तपासलं. बस्त्यावच्या डोळ्यांत मला ताटल्यांची चळत स्पष्ट दिसत होती.

"फाटलं न्हाय," म्हातारा शेवटी म्हणाला. मग साहेबांकडे बघून, "हा मासा कंच्या जातीचा?"

आम्ही हसलो. तो हसला नाही.

"आज न्हाय फाटलं, जावई. उद्याचं काय? बोट ठेवायची का वर घ्यायची, रविवारी सांगतो."

*

रविवारी इंत्रूबाबा धक्क्यावर आला तो काखेत एक फळी घेऊन. जुन्या होडीच्या बुडाची, झिजून गुळगुळीत झालेली.

"मला ओढ," म्हणाला.

मागे फिलोमिना उभी होती, कमरेवर हात ठेवून. "माझ्या बापाला काय झालं, तर घरी येऊ नको," ती नवऱ्याला म्हणाली. बापाला काही म्हणाली नाही, कारण उपयोग नव्हता.

साहेबांनी स्की पुढे केल्या. म्हाताऱ्याने त्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. "दोन पायांना दोन होड्या? माणूस फाटंल!" आणि फळी पाण्यात टाकली. लाइफ जॅकेट मात्र निमूट घालून घेतलं. बस्त्यावने त्याचे पट्टे स्वतः आवळले, रोप बोटांतून काढला, पुन्हा काढला, बोटीकडची गाठ पाहिली, पंख्याजवळ दोरीचा एकही वेढा नाही ना, ते वाकून पाहिलं. मग हँडल सासऱ्याच्या हातात दिलं.

"बाबा, पडलात की सोडायचं."

"मला शिकव!" म्हातारा गुरगुरला.

बोट इतकी हळू निघाली की पाण्यालाही कळलं नसेल. "ताठ!" मी म्हणालो. म्हाताऱ्याने मान हलवली, इंजिन गर्जलं, आणि इंत्रूबाबा फळीवर उभा राहिला. पहिल्या झटक्यात! गुडघे जरा वाकलेले, पाठ सरळ, दाढीतून वारा. मी भल्याभल्यांना उठताना पाहिलंय, पण असा माणूस नाही पाहिला. तो पाण्यावर चढला नव्हता. पाणीच त्याच्या पायाखाली येऊन उभं राहिलं होतं.

बस्त्याव नियमाप्रमाणे पुढेच बघत होता. मानेच्या शिरा ताठलेल्या.

"मोरेभाऊ, उभे हायेत?"

"उभे आहेत."

"हसतायत?"

"नाही."

"बगतायत कुटं?"

"तुझ्या पाठीकडे."

बोट खाडीच्या मध्यावर आली, जिथे पाणी रुंद आणि काळंभोर होतं. इंत्रूबाबाने समुद्राच्या बाजूला तोंड वळवलं. एक हात हँडलवरून काढला, छातीवर क्रॉस काढला, आणि दुसऱ्या हाताची बोटं उघडली.

हँडल उड्या मारत माझ्याकडे यायला लागलं.

"सोडलं!" मी किंचाळलो. "बस्त्याव, बाबांनी सोडलं!"

"पडले?"

मी बघत होतो. खूप वेळ बघत होतो.

"मोरेभाऊ! पडले का?"

"नाही," मी म्हणालो.

बस्त्यावने इंजिनची ताकद कमी केली, बोट रुंद वळसा घालून फिरवली. पडलेला माणूस नेहमी चालवणाऱ्याच्या हाताशी ठेवायचा, जवळ आलं की इंजिन बंद करायचं. त्याने सगळं नियमाने केलं. फक्त पडलेला माणूस पडलेला नव्हता! खाडीच्या मधोमध इंत्रूबाबा उभा होता. पाणी घोट्यापर्यंत. फळी काखेत.

इंजिन बंद झालं. बोट त्याच्या अगदी बाजूला येऊन टेकली. बोट वाहून जाऊ नये म्हणून बस्त्यावने बोटीतला लांब बांबू तळाला रोवायला घेतला. बांबू गेला, गेला, त्याचा हात पाण्यात गेला, कोपर गेलं, खांदा गेला. तळ लागला नाही. त्याने बांबू हळूच वर काढून बोटीत ठेवला. मी साहेबांसारखा शिकलेला नाही आणि या लोकांसारखा पाण्यातलाही नाही. मी आपला तो ओला बांबू बघत बसलो.

"बाबा," बस्त्याव अगदी बारीक आवाजात म्हणाला, "चढा."

म्हाताऱ्याने एकदा बोटीकडे पाहिलं, एकदा रोपाकडे, आणि मग धक्क्याकडे, जिथे नाताल स्की घेऊन तयारच उभा होता.

"मी येतो चालत," तो म्हणाला. "तू पुढच्याला घे."